योशिदा-आसो आणि किशी-आबे: जपानमधील दोन राजकीय घराणी

युद्धोत्तर जपानमधील या दोन्ही घराण्यांत पंतप्रधानपद पुढे मुलीच्या मुलाकडे गेले, पण नातवांनी आजोबांचा वारसा सारख्याच निष्ठेने चालवला असे म्हणता येत नाही.

शिगेरू योशिदा यांनी 1951 साली सान फ्रान्सिस्कोच्या शांतता करारावर सही केली आणि संरक्षणासाठी अमेरिकेवर विसंबून आर्थिक उभारणीला प्राधान्य दिले. त्यांचे नातू तारो आसो 2008 मध्ये पंतप्रधान झाले. वर्षभरात पक्षाची सत्ता गेली.

नोबुसुके किशी यांची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. युद्धगुन्ह्यांच्या संशयावरून सुगामो तुरुंगात राहून 1948 मध्ये खटल्याविना सुटलेले किशी 1957 मध्ये पंतप्रधान झाले, अमेरिकेबरोबरच्या 1960 च्या सुरक्षा कराराविरुद्ध उसळलेल्या निदर्शनांनंतर पायउतार झाले, आणि त्यांचे अपुरे राहिलेले घटनादुरुस्तीचे स्वप्न नातू शिंझो आबे यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. वारशाची ही चिकाटी आसोंमध्ये दिसत नाही, असे माझे मत आहे.

तरीही ही घराणी परस्परांची वैरी नव्हेत. किशींचे सख्खे धाकटे भाऊ, माजी पंतप्रधान एइसाकु सातो (किशी दत्तक गेल्याने आडनावे वेगळी), योशिदांच्याच तालमीत घडले. आणि 2012 पासून आबेंचे उपपंतप्रधान होते ते आसोच.