कुंड्या की वाफा? बेलापुरातल्या पॉलिहाउसचे दहा महिने

बेलापूरला पारसिक डोंगराच्या पायथ्याशी आमचं बैठं घर. मागच्या अंगणात गेल्या जूनमध्ये १० बाय १६ फुटांचं छोटं पॉलिहाउस उभं केलं. जीआय पाइप, वर २०० मायक्रॉनचं यूव्ही प्लास्टिक, बाजूंना जाळी. डाव्या हाताला चिऱ्यांची कड लावून फूटभर उंच वाफा, उजव्या हाताला १५ बाय १५ इंचांच्या चौदा ग्रो बॅगा, म्हणजे कुंडीऐवजी माती भरून झाडं लावायच्या पिशव्या. दोन्ही ठेवले, कारण घरात एकमत झालं नाही. "कुंडीत कधी शेती होते का?" असं आईचं म्हणणं.

ऑगस्टपर्यंत आईच पुढे होती. वाफ्यातले टोमॅटो कमरेला लागले तेव्हा बॅगांतले जेमतेम गुडघ्याएवढे. मग एका दुपारी वाफ्यातल्या एका झाडाने मान टाकली. संध्याकाळी पुन्हा ताठ. तीन दिवस हा खेळ चालला, चौथ्या दिवशी झाड उठलंच नाही. पान मात्र एकही पिवळं नव्हतं. पाणी कमी पडतंय असं समजून मी आणखी पाणी घातलं, ती चूकच झाली. शेवटी बुंध्याचा बोटभर तुकडा कापला आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात लोंबता धरला. थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी बारीक धार खाली उतरू लागली. जिवाणूजन्य मर! मातीतून, पाण्याबरोबर पसरणारा रोग. आपल्या उष्ण-दमट हवेत त्याचं चांगलंच फावतं. दोन आठवड्यांत वाफ्यातली अकरापैकी आठ झाडं गेली. बॅगांत सहापैकी एक. ती बॅग मातीसकट बाहेर काढली, विषय संपला. वाफा उचलून कुठे टाकणार?

त्यानंतर नोव्हेंबरपर्यंत मी भेटेल त्याला कुंड्याच घ्या म्हणून सांगत सुटलो होतो. मेथी, पालक आणि लाल माठाने माझं तोंड बंद केलं. ही मर टोमॅटो-वांगी-मिरचीच्या खानदानाच्या मागे लागते, पालेभाज्यांना तिचं सोयरसुतक नाही. शिवाय पालेभाजीला खोलीपेक्षा पसारा लागतो. एका बॅगेत मेथी पेरली तर धड एक जुडी निघत नाही, वाफ्यातली मात्र शेजारीपाजारी वाटून उरली.

खरा फरक मार्चमध्ये कळला. दुपारी तीन वाजता थर्मामीटर खुपसून पाहिला, तर पश्चिमेकडच्या काळ्या बॅगेतली माती ४१ अंश, वाफ्यातली ३१. बॅगांना दिवसातून दोनदा पाणी. वाफ्यावर सुक्या पानांचा थर घातला की एक दिवसाआड पुरतं. शिमग्याला पाच दिवस गावी गेलो. बॅगांना ठिबक आणि टायमर लावला होता, पण दोन ड्रिपर क्षाराने तुंबले आणि परत आलो तेव्हा दोन ढोबळ्या मिरच्या कागदासारख्या वाळलेल्या. वाफ्याला शेजारच्या काकूंनी मधे एकदा पाणी दाखवलं, तेवढं बास झालं. बॅगा उन्हातून सावलीत हलवता येतात हेही ऐकण्यापुरतंच. ओलं मिश्रण भरलेली एवढी बॅग दोघांना उचलावी लागते. एकीचा कान तर ओढतानाच हातात आला. बॅगा घ्यायच्याच असतील तर दुहेरी शिवणीच्या बघून घ्या.

पावसाळ्यात शंखी गोगलगायी दोन्हीकडे येतात, विटांवर ठेवलेल्या बॅगांत जरा कमी. रात्री टॉर्च घेऊन वेचणे आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकणे, यापलीकडे मला उपाय सापडला नाही.

क्षारांचं मात्र लक्षात ठेवा. १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं रासायनिक खत देत राहिलं की बॅगेच्या काठाला पांढरी खपली धरते. ती भरपूर साधं पाणी सोडून खालून निथळून जाते. वाफ्यात खपली दिसायला वेळ लागतो म्हणून आपण निश्चिंत असतो, पण छपराखाली पाऊसच पडत नाही, तर क्षार धुऊन जाणार कसे?

यंदा मेमध्ये वाफा भिजवून, पातळ पारदर्शक प्लास्टिकने गच्च झाकून पाच-सहा आठवडे तापवणार आहे. जूनचे पहिले दोन-तीन पाऊस छप्पर गुंडाळून वाफ्यावर पडू देईन. मर तेवढ्याने हटेलच असं नाही, म्हणून टोमॅटो बॅगांतच, आणि वाण मरीला दाद न देणारा अर्का रक्षक. आईने वाफ्यात लावायला वांग्याचं बी आणून ठेवलंय. ते सध्या मी डब्यांमागे लपवलंय.