उद्योजक शिक्षणगटाचे सभासदत्व : वर्षभराचा हिशेब

मोठ्या औद्योगिक केंद्रांपासून दूर कारखाना चालवणाऱ्याची अडचण केवळ भांडवलाची नसते. अडले तर विचारावे असा जाणकारच आसपास नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी चालणाऱ्या एका शिक्षणगटाचा मी वर्षभर सभासद होतो.

गटात बारा छोटे कारखानदार होते आणि कोणीही कोणाचा थेट स्पर्धक नव्हता. दरमहा एकाच्या कारखान्यात बैठक होई. यजमानाने आपली अडचण मांडायची आणि इतरांनी सल्ला न देता आधी फक्त प्रश्न विचारायचे, असा दंडक होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश व्यवस्थापनतज्ज्ञ रेग रेव्हन्स यांनी ब्रिटनमधील कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांत रुजवलेली ही पद्धत मला सुरुवातीला पोरकट वाटली. तिसऱ्या बैठकीत मात्र एका छापखानदाराने आमच्या कारखान्यातल्या प्रेसबद्दल विचारले, “प्रेस बंद करण्याआधी पुढची डाय कुठे असते?” डाय म्हणजे प्रेसमध्ये बसवायचा साचा. आमची डाय कपाटात असे, आणि पाने (स्पॅनर) शोधायला आमचा कामगार प्रेस थांबल्यावरच निघत असे. त्या छापखान्यात पुढच्या कामाच्या प्लेटा, शाई आणि पाने यंत्र चालू असतानाच एका ढकलगाडीवर क्रमाने मांडलेली असत. यंत्र थांबण्याआधीच पुढची तयारी करून ठेवण्याचे जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांचे हे तत्त्व मी प्रशिक्षणात पूर्वी ऐकले होते, पण ती गाडी पाहिल्यावरच ते अंगी लागले. डाय बदलायला लागणारा दीड तास पाऊण तासावर आला.

पाहुण्या तज्ज्ञांची व्याख्याने नसती तरी चालले असते.

खरी त्रुटी वेगळीच आहे. नवी माहिती बहुधा जवळच्यांपेक्षा दूरच्या ओळखींतून येते, हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्येच दाखवले. इथे तर सगळे सभासद एकाच भागातले, एकमेकांना आधीपासून ओळखणारे. आमच्या जस्ताच्या मुलाम्याचे पापुद्रे निघू लागले तेव्हा बाराही जण निरुत्तर झाले आणि बाहेरच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचायला चार महिने गेले. महानगरात संस्था भरपूर असून त्यांचा परस्परांशी अनेकदा मेळ नसतो, तर केंद्रांपासून दूरच्या भागात मुळात संस्थाच विरळ असतात. त्यामुळे महानगरातला नमुना उचलून इथे चालवण्यात अर्थ नाही. त्यातच समन्वयकाचे वेतन प्रकल्पाच्या अनुदानातून निघत असल्याने अनुदान लांबताच पद रिकामे राहिले आणि दोन बैठका बुडाल्या.

वर्गणी मी पुन्हा भरली आहे, पण सहा महिन्यांचीच. समन्वयक नेमला गेला आणि प्रयोगशाळेशी लेखी करार झाला, तर उरलेलीही भरीन.