दर्जा कोणी सांभाळायचा: मुख्यालयाने की टीमने?

नागपूरच्या मिहानमध्ये बसून बहुराष्ट्रीय विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांपुढे हा प्रश्न नेहमीचाच. मुख्यालयाची क्वालिटी टीम शेवटी तपासणार असेल, तर सगळ्या देशांत निकष एकच राहतात आणि ऑडिटची कागदपत्रं तयार असतात. पण चूक उशिरा कळते.

कोड लिहिणाऱ्या टीमनेच जबाबदारी घेतली तर नवा कोड मुख्य कोडमध्ये मर्ज करतानाच, म्हणजे मिसळतानाच, टेस्ट फेल झालेली दिसते. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून शून्यावर आला, ग्रुप पॉलिसीवर मात्र तो कायम राहिला. प्रीमियमच्या हिशेबातली असे खाचखळगे रोज त्याच कोडमध्ये असणाऱ्यालाच आधी दिसतात. म्हणून माझा कौल टीमला. ग्राहकांच्या माहितीच्या सुरक्षेचे नियम तेवढे मुख्यालयानेच ठरवावेत. तिथे कोणालाही सूट नको.