मोडलेली स्केग घरीच जोडली: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी मोटर १५ हॉर्सपॉवरची आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची, आहे आणि होडी बहुतेक वेळ खाऱ्या पाण्यात असते. उथळ पाण्यात खडकावर आपटून स्केगचा खालचा मागचा कोपरा उडाला. साधारण ५ सेंटिमीटरचा तुकडा गेला. स्केग म्हणजे पंख्याच्या (प्रोपेलरच्या) खाली येणारं ते परासारखं पातं. मोटर चालत होती, म्हणून पहिले काही दिवस मी दुर्लक्ष केलं. पण हळू वेगात होडी सरळ राहीना आणि जोरात नेलं की हँडल एका बाजूला ओढायला लागलं. त्याहून मोठी काळजी अशी की पंख्याची पाती आता स्केगच्या खाली डोकावत होती. पुढचा दगड थेट पंख्याला लागला असता.

दुरुस्तीला हात घालण्याआधी दोन गोष्टी तपासल्या आणि त्या प्रत्येकाने तपासाव्यात. एक, गिअर ऑईल. खालचा स्क्रू जरासा सैल करून थोडं तेल बाहेर काढायचं. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरतंय, मग स्केगचा विचार नंतर. दोन, पंख्याचा शाफ्ट. प्लगची वायर काढून, गिअर न्यूट्रलला ठेवून शाफ्टच्या टोकाजवळ पेन्सिल धरायची आणि पंखा हाताने फिरवायचा. पेन्सिल आणि शाफ्ट यांतली फट कमीजास्त होत असेल तर शाफ्ट वाकलाय. माझं दोन्ही ठीक होतं, आणि चीरही वर गिअरकेसकडे, म्हणजे आत गिअर असलेल्या पेटीकडे, गेलेली नव्हती. ती गेली असती तर मी हे काम घरी केलंच नसतं.

पहिला प्रयत्न फसला, तोही सांगतो. झटपट सुकणारी, दोन भाग मिसळून लावायची इपॉक्सी लांबी (पुट्टी) आणली. पाकिटावर काही तासांत पाण्यात नेता येईल असं होतं. कडा कानशीने घासल्या, लांबी थापली, आकार दिला, रंग मारला. सहा आठवड्यांत तो सगळा गोळा टोपीसारखा निघून हातात आला. त्याची आतली बाजू उलटून पाहिली तेव्हा कारण कळलं: ती गुळगुळीत होती आणि तिच्यावर जुन्या रंगाचा पातळ थर जसाच्या तसा चिकटून आला होता. लांबी कुठेच तुटली नव्हती. तिने रंगाला घट्ट धरलं होतं, धातूला धरलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी म्हणूनच निम्म्याहून जास्त वेळ पृष्ठभागावर घालवला. ॲल्युमिनियम घासून चकचकीत केलं तरी हवेत त्यावर लगेच ऑक्साइडचा थर धरतो, आणि त्या थरावरची पकड भरवशाची नसते. आधी ॲसिटोनने पुसलं, घासल्यानंतर नव्हे. आधी घासलं तर तेल ओरखड्यांत जाऊन बसतं. मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंचा रंग वरपर्यंत काढला आणि तुटलेली कड दोन्हीकडून अडीच सेंटिमीटर उतरती केली. नंतर वरून स्वच्छ पाणी ओतलं. पाण्याचा अखंड पापुद्रा धातूवर टिकला तर तो स्वच्छ आहे, थेंब थेंब होऊन फुटला तर तेलकटपणा बाकी आहे. माझ्याकडे पाणी दोनदा फुटलं, तिसऱ्यांदा टिकलं. पूर्ण वाळवल्यावर पातळ इपॉक्सीचा हात दिला आणि ती ओली असतानाच त्यावरून पॉलिश पेपर फिरवला. म्हणजे ऑक्साइड इपॉक्सीच्या खालीच निघतो आणि उघड्या धातूला हवा लागत नाही. इपॉक्सी राखाडी दिसायला लागली की समजावं, काम होतंय. या एका पायरीने दोन प्रयत्नांतला फरक पडला असं माझं ठाम मत आहे.

नुसती लांबी न भरता ५०८३ या सागरी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा कापला. आकार एका मित्राच्या त्याच मॉडेलच्या न मोडलेल्या मोटरवरून पुठ्ठ्यावर काढून घेतला. अंदाजाने काढू नका, मागच्या कडेचा कोन चुकतोच. ३ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या तीन पिना अर्ध्या जुन्या स्केगमध्ये, अर्ध्या नव्या तुकड्यात. ड्रिलच्या बिटाला १५ मिलिमीटरवर टेप गुंडाळली होती, तरी एक भोक तिरकं जाऊन बाजूने बाहेर आलंच. ते इपॉक्सीने बुजवून शेजारी दुसरं पाडलं. स्टीलच्या पिना मुद्दाम टाळल्या. खाऱ्या पाण्यात स्टील आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. सांध्यावर दोन्ही बाजूंनी फायबरच्या कापडाचे तीन तीन थर, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा. यावेळी इपॉक्सी सावकाश सुकणारी घेतली. पाच मिनिटांत घट्ट होणारी पाण्यात तितकी टिकत नाही.

घासायला एक दिवस थांबलो, पाण्यात न्यायला सात. घासण्याआधी वर आलेला मेणचट थर साध्या पाण्याने धुतला, नाहीतर पेपर भरून जातो आणि रंगही धरत नाही. पुढची कड गोल, मागची पातळ आणि दोन्ही गाल सारखे हवेत. माझ्याकडे डावा गाल किंचित फुगीर राहिला होता, तो हँडलला लगेच जाणवला. पुन्हा घासून सारखा केला तेव्हा ओढ गेली. वरून इपॉक्सी प्रायमर आणि रंग. रंग केवळ दिसण्यासाठी नाही. मोटर वर उचलून ठेवली की उन्हाने उघडी इपॉक्सी खराब होते. मात्र तांब्याचा नेहमीचा शेवाळरोधक रंग ॲल्युमिनियमवर लावू नये.

आता नऊ महिने झाले. वाळूत स्केग कितीतरी वेळा घासली, त्याने नुसता रंग गेला. सहाव्या महिन्यात एक दगड चांगलाच बसला. खालच्या टोकाचं कापड सेंटिमीटरभर सोललं, पण सांधा जागचा हलला नाही. बुजवलेल्या तिरक्या भोकापाशी रंगाखाली पांढरी भुकटी दिसली, म्हणजे तिथे पाणी पोचलं होतं. खरवडून, घासून प्रायमर दिला. त्यानंतर तिथे काही नाही. जस्ताचा ॲनोडही, म्हणजे ॲल्युमिनियमऐवजी स्वतः झिजणारा तुकडा, त्याच वेळी बदलला.

आर्गन वेल्डिंग जास्त मजबूत, यात शंका नाही. स्केग अर्ध्याहून जास्त गेली असेल तर तेच करावं. पण उष्णता वर चढते, शाफ्टचे रबरी सील जळू शकतात, आणि गिअर ऑईल काढल्याशिवाय तिथे आग नेणं धोक्याचं आहे. वरून बसवायचं स्टीलचं कवच मित्राने घेतलंय. दगडाळ पाण्यात ते उपयोगी आहे, पण त्याच्या स्क्रूंभोवती पांढरी भुकटी धरलेली मी पाहिली. बसवताना मध्ये सीलंट आणि नायलॉनचे वॉशर घातलेले नव्हते.

मला माझा सांधा मूळ धातूपेक्षा थोडा कमजोर आहे हे उलट बरंच वाटतं. मोठा आघात झाला तर आधी हा तुकडा तुटावा, तो धक्का गिअरकेसपर्यंत जाऊ नये. तुकडा मी पुन्हा दोन सुट्यांमध्ये करू शकतो. पुठ्ठ्याचा नमुना म्हणूनच टाकलेला नाही, मोटरच्या कव्हरच्या खिशात प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलाय.