माळावर झाडं लावायची असतील तर आधी या रोपवाटिकेत जा

सुपे-मोरगाव रस्त्यावरून जरा आत, गाडीवाटेवर, देशी झाडांची एक लहानशी रोपवाटिका आहे. कडेला हिरवी जाळी, विहीर, एक पत्र्याची शेड, एवढाच पसारा. माझ्या भावाचा त्याच भागात सहा एकर माळ आहे. तिथे झाडं लावायची म्हणून मे महिन्यात आम्ही दोघं गेलो. भावाला पाचशे रोपं हवी होती. रोपवाटिका चालवणाऱ्या काकांनी दर सांगायच्या आधी मला विचारलं, "ताई, गवत कसलं आहे तिथं?"

मी नोकरीभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण रोपं विकणाऱ्या माणसाकडून हा प्रश्न पहिल्यांदाच ऐकला. कुसळी, पवना आणि थोडं मारवेल, असं मी सांगितलं. "मग माळ चांगला आहे की. पाचशे कशाला कोंबता? साठ न्या. गवताला ऊन लागतं," काका म्हणाले. समोर आलेलं गिऱ्हाईक त्यांनी अर्ध्याहून कमी मालावर आणलं, तेही अगदी सहज.

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरूनच आहे. आपला माळ म्हणजे सव्हाना, गवताच्या समुद्रात सुटी सुटी झाडं. परिसंस्थांचे अभ्यासक महेश शंकरन आणि सहकाऱ्यांनी 2005 साली आफ्रिकेतल्या सव्हानांचा मोठा अभ्यास मांडला. वर्षाला साधारण 650 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल, तर झाडं किती दाट होणार हे मुख्यतः पाणीच ठरवतं, असं त्यात दिसलं. त्याहून जास्त पावसाच्या ठिकाणी झाडोरा दाटू शकतो आणि त्याला आवरतात ती आग आणि चरणारी जनावरं. आमच्या सुप्याकडे पाऊस त्या आकड्याच्या बराच खाली. तिथे पाचशे झाडं लावून टँकरने जगवली, तरी त्यांच्या दाट सावलीत कुसळी-पवना जाणार, आणि त्या गवताळ माळावर जगणारे चिंकारा, धाविक आणि चंडोल हे पक्षीही जाणार. मयूरेश्वर अभयारण्य इथून हाकेच्या अंतरावर आहे. चिंकारा तिथे टिकून आहेत ते उघड्या माळामुळे.

भाऊ म्हणाला, "पण पूर्वी इथं जंगलच असेल ना?" बहुतेकांचा हाच समज असतो. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेराव्या शतकापासूनचं मराठी साहित्य आणि लोकपरंपरा चाळून त्यातली झाडं-गवतं शोधली. निघाली ती बहुतेक माळाचीच. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वीही हा मुलूख असाच उघडा होता. मी हे सांगत असताना काका मान हलवत होते. त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन याच माळांवर फिरायचे.

आता रोपांविषयी. काकांकडे हिवर, खैर, बोर, बाभूळ, तरटी आणि थोडा अंजन एवढंच मिळतं. गुलमोहर किंवा उंदीरमारी (ग्लिरिसिडिया) असली परदेशी झाडं मागायला जाऊ नका. पिशव्या मात्र बघण्यासारख्या आहेत. अरुंद आणि हातभर लांब. काकांनी खैराची एक पिशवी ब्लेडने उभी कापून दाखवली. वर झाड वीतभर, आणि खाली सोटमूळ थेट तळापर्यंत, कुठेही वेटोळं नाही. माळावरच्या झाडाचा जीव या मुळात असतो. वणवा लागला, शेळीने शेंडा खाल्ला, की वरचं जळतं किंवा तुटतं आणि झाड बुडातून पुन्हा फुटतं. काही वर्षं ते गुडघाभरच राहतं. शेंडा जनावराच्या तोंडाच्या आणि आगीच्या वर गेला, की मग खरं झाड होतं. आखूड पिशवीत मूळ गुंडाळलं गेलेलं रोप बुडातून फुटायला अशी ताकद कुठून आणणार?

बाभळीची रोपं घेऊच नका, असा त्यांचा आग्रह होता. शेळ्या शेंगा खातात आणि बिया न चावता टाकून देतात. शेळ्यांच्या वाड्यातल्या त्या बिया गोळा करून पहिल्या पावसाआधी टोचायच्या. कठीण कवच पोटात मऊ झालेलं असतं, त्यामुळे उगवण चांगली होते. एक पुडी बी त्यांनी फुकट दिलं. साठातली वीस रोपं त्यामुळे कमी झाली आणि काकांचा धंदाही.

हिवराचं रोप 40 रुपयांना पडलं, बोर त्याहून स्वस्त. मला हिवर फार आवडतो. पांढुरकी साल, वर छत्रीसारखा सपाट पसरलेला माथा, पावसाळ्यात फिकट पिवळा फुलोरा. खाली गवत नीट उगवेल इतकीच विरळ सावली. भावाच्या शेजारच्या माळावर एका संस्थेने चर खणून ओळीने उंदीरमारी लावली आहे. तिथे आता कुसळीचं एक पातं दिसत नाही आणि मेंढपाळ तिकडे वळत नाहीत. ते बघून जीव तुटतो. आमच्या माळावर आम्ही एकही चर खणलेला नाही, फक्त रोपापुरते खड्डे घेतले, आणि तेही गवताची ढेपळं बाजूला ठेवून परत लावता येतील असे.

उणिवा सांगायच्या तर, अंजनाची रोपं बारीक होती आणि तरटी फार थोडी. शेडमध्ये झाडांच्या नावाच्या चिठ्ठ्या नाहीत, त्यामुळे नवख्याला खैर आणि हिवर एकाच पानाचे वाटतील. विचारूनच उचला. रोपं घरपोच मिळत नाहीत. पिशव्या लांब असल्याने टेम्पोत आडव्या टाकू नका, उभ्याच रचा.

काका सकाळी विहिरीवर असतात, त्यामुळे दहानंतर जावं. जूनमध्ये सरपंच, शाळा आणि वाढदिवसवाले असे सगळे एकदम येतात, म्हणून मे महिनाच बरा. जाताना जमिनीवरच्या गवताची मूठभर काडी घेऊन जा, काका ती बघूनच किती झाडं द्यायची ते ठरवतात. खैर हवा असेल तर आधी सांगून ठेवावा लागतो.