कपाट पॉलिशला दिलं आणि फळ्या बदलून आल्या

जुनं सागवानी फर्निचर घेताना काय बघायचं हे सांगायला दहाजण पुढे येतात. वाळवी बघा, पाय हलवून बघा, मुंबईत ओशिवऱ्याला गेलात तर ‘अँटिक’ म्हणून दाखवतात ते गेल्याच महिन्यात बनवलेलं नाही ना, ते बघा. सगळं बरोबर. पण आमचं कपाट अस्सल होतं, भाव वाजवी होता आणि विकणारी माणसं सरळ होती. गंडवलं ते पॉलिशवाल्याने. या प्रकाराबद्दल फारसं कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कपाट पुण्यात शनिवार पेठेतल्या एका वाड्यातलं. वाडा बिल्डरकडे गेला, नव्या फ्लॅटमध्ये एवढं धूड मावेना, म्हणून घरच्यांनी विकायला काढलं. सहा फूट उंच, दोन दारं, आत पाच फळ्या, खाली दोन खण. 16,000 रुपयांना ठरलं. 12 जुलै 1961ला पानशेत फुटलं तेव्हा हे कपाट तळमजल्यावर उभं होतं. पुराचं पाणी कुठवर चढलं त्याची मातकट रेघ पाठीमागच्या फळ्यांवर अजून स्पष्ट दिसत होती, माझ्या छातीच्या उंचीला. घरातल्या आजींनी ती मुद्दाम दाखवली. “एवढ्या पाण्यात उभं होतं, तरी खण एका बोटाने सरकतो बघ,” म्हणाल्या. खरंच सरकत होता. आतली प्रत्येक फळी अखंड, सोळा इंच रुंद, कुठेही जोड नाही. सगळ्यात खालच्या फळीच्या खालच्या अंगाला कोणीतरी पेन्सिलीने धोब्याचा हिशेब मांडलेला: धोतरं 4, लुगडी 3, चादरी 2.

कपाटाला पूर्वी कोणीतरी चॉकलेटी ऑइलपेंट फासला होता. तो काढून चपडा लाखेचं पॉलिश करायचं, बिजागऱ्या उजळायच्या, एवढंच काम. नात्यातल्या एकांनी शहराबाहेरचा एक गाळा सुचवला. मालक घरी येऊन बघून गेला. बोलायला गोड, प्रत्येक वाक्याला ‘ताई’. त्याने टेप काढून उंची-रुंदी घेतली आणि मग फळ्यांची जाडीही मोजली. पॉलिशवाल्याला जाडीशी काही देणंघेणं नसतं, त्याचा हिशेब चौरस फुटावर चालतो. फळीची जाडी लाकूड विकणारा मोजतो. 11,500 रुपये ठरले. चिठ्ठीवर त्याने लिहिलं, ‘एक कपाट पॉलिश’, आणि खाली आगाऊ रक्कम.

आठवडाभराने फोन आला. “ताई, आतून वाळवी लागलीय हो. एक फळी तर हातात भुगा होऊन आली. बदलावी लागेल.” सोबत पांढरट भुकटीचा फोटो. फोटोत भुकटी होती, कपाट नव्हतं. फळीचे साडेसहा हजार जास्तीचे. सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही. खाते ते कडेचं पांढरं, कच्चं लाकूड. शिवाय वाळवी लागली तर मातीचे पापुद्रे दिसतात. पिठासारखी बारीक भुकटी पडते ती लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांची, आणि त्यांनाही कच्चं लाकूडच आवडतं. हे मला नंतर कळलं, एका म्हाताऱ्या सुतारांकडून. येऊन बघते म्हटलं तर, “पॉलिशचा हात चालू आहे ताई, दार उघडलं की धूळ बसते.” आता हे कारण खोटं म्हणता येत नाही, ओल्या पॉलिशवर धूळ बसतेच. म्हणूनच ते वापरतात.

कपाट घरी आलं तेव्हा बघत राहावं असं होतं. आरशासारखी चकाकी. शेजारच्या काकू खास बघायला आल्या. पाठ भिंतीला लागली, साड्या आत गेल्या, उरलेले पैसे दिले.

पहिल्या पावसाळ्यात मधल्या फळीची पुढची पट्टी सुटून वर आली. तिच्यामागे प्लायचे थर. पट्टी साधारण एक इंचाची, आतला प्लाय पाऊण इंचाचा. जाडी तेवढीच दिसावी म्हणून पुढून सागाची पट्टी मारलेली. एकच फळी बदलायची ठरली होती, म्हणून म्हटलं ती हीच असेल. मग पाचही फळ्या बाहेर काढून जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्या आणि काय ते कळलं. पाचही फळ्यांवर एकच नक्षी. तीच ज्योतीसारखी रेघ, तीच उजवीकडे झुकलेली, तोच काळपट ठिपका त्याच जागी. खऱ्या लाकडाच्या दोन फळ्यांचे रेषे असे कधी तंतोतंत जुळत नाहीत. व्हिनियर, म्हणजे प्लायवर चिकटवायचा लाकडाचा पातळ पापुद्रा, एकाच ओंडक्यावरून कागदासारखं एकामागून एक सोलतात, म्हणून लागोपाठचे तुकडे जुळ्या भावंडांसारखे दिसतात. अखंड फळीवर वर गाठ असेल तर बहुतेक वेळा खालच्या अंगालाही तिची खूण सापडते. रेषे कडेवरून वळून खाली जातात. इथे वर ज्योत, खाली कोरं. धोब्याचा हिशेब अर्थातच नव्हता.

नवऱ्याने कपाट भिंतीपासून ओढलं. पाठीमागे फळ्यांऐवजी पातळ प्लाय, बंदुकीच्या पिनांनी ठोकलेला. पुराची रेघ गेली ती फळ्यांसकट. खणांची पुढची पाटी जुनीच ठेवली होती, कारण ती दिसते. बाजू आणि तळ नवे. पूर्वी कोपऱ्यात दातात दात अडकवलेले डव्हटेल सांधे होते, तिथे आता डिंक आणि पिना. बिजागऱ्यांना फ्रिजवरचं चुंबक लावलं तर टप्पकन चिकटलं. पितळेला चुंबक चिकटत नाही, हा पितळी मुलामा दिलेला लोखंडी माल. स्क्रूसुद्धा स्टारचे. जुने सगळे एका खाचेचे होते.

थोडक्यात, चौकट, दारं आणि खणांच्या पाट्या आमच्या. बाकी सगळं त्याचं.

हे परवडतं कसं, असं मला आधी वाटलं होतं. हिशेब सोपा आहे. तीन फूट लांब, सोळा इंच रुंद, इंचभर जाड अशा पाच फळ्या म्हणजे दीड घनफुटाच्या वर. पाठीचं लाकूड आणखी एक-सव्वा घनफूट, खणांचं वेगळं. तीन घनफुटांच्या आसपास साठ-सत्तर वर्षं वाळलेला साग, जो आता वाकणार नाही, पिळणार नाही. तो घनफुटाला हजारांच्या भावात उचलला जातो, पितळ किलोवर जातं. आणि प्लायचा खर्च आम्हीच ‘वाळवी’च्या नावाखाली भरला होता.

गाळ्यावर गेलो. मालकाचा आवाज जराही चढला नाही. “फळ्या सडल्या होत्या ताई, फोनवर सांगितलं नव्हतं का?”

“एका फळीचं सांगितलं होतंत. जुन्या फळ्या कुठायत?”

“त्या जाळल्या. किडकं लाकूड गाळ्यात ठेवत नाही आम्ही.”

मागच्या बाजूला रंधा मारलेल्या फळ्यांची चळत होती. त्यात आमच्याही असतील. पण रंधा फिरला की फळी कोणाचीही होते.

पोलीस चौकीत चिठ्ठी दाखवली. साहेबांनी वाचली, ‘एक कपाट पॉलिश’. म्हणाले, “पॉलिश झालंय ना?” वास्तविक दुरुस्तीला दिलेली वस्तू परस्पर लाटली तर भारतीय न्याय संहितेतलं कलम 316 लावता येतं, पण आमची तक्रार दिवाणी म्हणून परत पाठवली. वकीलबाई म्हणाल्या, ग्राहक आयोगात चला. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली होती, तिचा एवढाच उपयोग झाला की गाळेवाल्याने साडेसहा हजार परत पाठवले. ते आम्ही लेखी हरकत नोंदवून घेतले. नाहीतर ‘मिटलं’ असं म्हणायला तो मोकळा होता.

आमच्या बाजूने एक गोष्ट मजबूत निघाली. वाड्यातून कपाट उतरवताना आजींच्या नातवाने मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, घरातली आठवण म्हणून. त्यात पाठीची रेघ, आतल्या फळ्या, खणाचे दात, सगळं आहे. तुमच्याकडे असा नातू नसेल तर वस्तू हलवण्याआधी स्वतः काढा, पण दर्शनी भागाचे फोटो काढून उपयोग नाही. तो भाग कोणी बदलत नाही. फळ्यांचं खालचं अंग, खणाचा तळ, पाठ, सांधे आणि बिजागऱ्या यांचे काढा. चिठ्ठीवर ‘सागवानी, अखंड फळ्या पाच, जाडी अमुक, बिजागऱ्या पितळी, काढलेला प्रत्येक भाग परत द्यायचा’ असं लिहून घ्या. लिहून द्यायला कां-कू करणाऱ्याकडे काम देऊ नका. आणि रंग खरवडून लाकूड उघडं पडलं की, पॉलिशचा पहिला हात लागायच्या आत, जाऊन बघा. या टप्प्यावर धुळीचं कारण चालत नाही, कारण तेव्हा तिथे घासकामाची धूळच धूळ असते. ‘उचलून बघा, साग जड असतो’ हा सल्ला मात्र ऐकू नका. साग मध्यम वजनाचा असतो, आंबाही जवळपास तेवढाच भरतो. जड असतं ते शिसव.

वर ज्या सुतारांचा उल्लेख केला, त्यांच्याकडे नंतर एक आरामखुर्ची दिली. ते गच्चीवर येऊन काम करतात, रोजाने पैसे घेतात, त्यामुळे गाळ्यापेक्षा महाग पडतात. संध्याकाळी काढलेलं सगळं, गंजलेल्या खिळ्यांसकट, पिशवीत भरून हातात देतात. आयोगात नेण्यासाठी कपाटाबद्दलचं त्यांचं मत त्यांनी सही करून लिहून दिलंय, पैसे न घेता. तक्रार दाखल करून घेतली गेली आहे, गाळेवाल्याला नोटीस पोचली आहे. लेखी म्हणणं द्यायला त्याला 30 दिवस आहेत, आयोगाने वाढवून दिले तर आणखी 15.