'भुरीप्रतिकारक' खरबूज : पूर्ण हंगाम घेतल्यानंतरचा अनुभव

या संकरित वाणाच्या सालीवरची जाळी, गराचा रंग आणि फळाची टिकवणक्षमता यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व त्यातले बहुतेक मला पटते, म्हणून त्याची पुनरुक्ती करत नाही. माझी तक्रार पाकिटावरील एकाच शब्दाबद्दल आहे : 'भुरीप्रतिकारक'. भुरी म्हणजे पानांवर पांढरी भुकटी पसरवणारा बुरशीचा रोग; त्या बुरशीच्या कोणत्या रेसला, म्हणजे कोणत्या उपप्रकाराला, हे वाण प्रतिकारक आहे, हे पाकिटावर कुठेही छापलेले नाही.

ही बाब क्षुल्लक नाही. खरबुजावर भुरी आणणाऱ्या पोडोस्फेरा झँथी या बुरशीच्या अनेक रेस आहेत. डोळ्यांना त्या सारख्याच दिसतात आणि कोणत्या वाणावर वाढतात व कोणत्या वाणावर नाही, यावरूनच त्यांची ओळख पटते. भारतीय खरबुजातील प्रतिकारशक्ती घेऊन कॅलिफोर्नियात तयार झालेले पीएमआर ४५ हे वाण १९३६ साली प्रसारित झाले आणि १९३८ मध्ये त्याच्यावरही भुरी आली; ती आणणारी बुरशी रेस २ म्हणून ओळखली गेली. इतका जुना धडा समोर असताना केवळ 'प्रतिकारक' असे छापणे म्हणजे कुलपाची किल्ली विकताना कुलूप कोणते ते न सांगणे होय.

फळे पोसू लागली तेव्हा आतल्या, सावलीतल्या जुन्या पानांवर पांढरे ठिपके दिसू लागले. कंपनीच्या प्रतिनिधीने ती आधी धूळ असल्याचे सांगितले आणि ठिपके पसरल्यावर पाणी जास्त दिल्याचा ठपका माझ्यावर ठेवला. भुरीच्या बीजाणूंना रुजण्यासाठी पान ओले असावे लागत नाही, हे मी निदर्शनास आणल्यावर संभाषण संपले. फवारणीचा खर्च वाचावा म्हणून महागडे बी घ्यायचे आणि तरीही गंधक आणायचे, हा हिशेब मला अजूनही सलतो. शिवाय कडक उन्हात गंधकाने खरबुजाची पाने करपतात, त्यामुळे तेही हात राखूनच वापरावे लागले.

इथवरचा मजकूर मी रागाच्या भरात लिहून ठेवला होता. काढणी संपल्यावर मत थोडे बदलले आहे, कारण शेजारच्या ओळीतील साध्या वाणाची पाने वाळून गेली आणि उघडी पडलेली फळे उन्हाने भाजली, तर या वाणावरचे ठिपके विरळच राहिले, पाने शेवटपर्यंत बहुतांशी हिरवी राहिली आणि फळांची गोडीही उतरली नाही. बियाणे उद्योगात उच्च प्रतिकारासाठी 'एचआर' आणि मध्यम प्रतिकारासाठी 'आयआर' असे संकेत रूढ आहेत, त्यांच्यापुढे बुरशीचे लघुनाम व रेसचे क्रमांक लिहितात, आणि मध्यम प्रतिकाराच्या वाणावर काही लक्षणे दिसणे अपेक्षितच असते. माझ्या वेलींचे वागणे नेमके तसेच होते. पाकिटावर 'आयआर' आणि पुढे क्रमांक एवढे जरी छापले असते, तरी मी एक ओळही तक्रार लिहिली नसती आणि पहिल्या ठिपक्यापासून शांतपणे फवारणीचे नियोजन केले असते.

रेसचे क्रमांक कळवावेत, अशी लेखी विनंती मी कंपनीकडे केली. उत्तरादाखल दुसऱ्या वाणाचे माहितीपत्रक आले आणि त्यावरही तोच एक शब्द होता. वाणाला मी पाचपैकी चार गुण देतो, पाकिटाला एकही नाही. उरलेले बी पुढच्या हंगामात लावीन, मात्र क्रमांक छापल्याखेरीज नवे पाकीट घेणार नाही.